रोजच्या कामात हाती लागलेल्या बारीकसारीक गोष्टी (वेबवाल्यांचा धागा)

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:४०

बरेच दिवस मनात होतं, आज काढतोच धागा.

निमित्त दुपारचं. एका फॉर्ममध्ये गावाचं नाव टाइप केलं की खाली सुचवण्यांची यादी उघडते. ती यादी दोन पिक्सेल डावीकडे सरकलेली होती. का सरकली ते बघायला डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची हत्यारं, उघडून त्यातल्या इन्स्पेक्टरवर क्लिक करावं, तर चौकटीवरचा फोकस जातो आणि यादी मिटते. पुन्हा टाइप करा, पुन्हा क्लिक, पुन्हा गायब. या लपंडावात आजवर माझे किती तास गेले असतील देव जाणे. माझा जुना उपाय म्हणजे यादी मिटवणारी ओळ कोडमध्ये तात्पुरती कॉमेंट करायची, म्हणजे बंद ठेवायची, आणि मग ती कॉमेंट तशीच कमिट करून, म्हणजे सामायिक कोडमध्ये नोंदवून, शिव्या खायच्या.

शेजारच्या टेबलावर नुकतीच रुजू झालेली एक मुलगी बसते. तिला माझी तडफड बघवली नाही. तिने कन्सोलमध्ये एक ओळ लिहिली: सेट-टाइमआउट, त्याच्या पोटात नुसता डीबगर हा शब्द, आणि पुढे तीन हजार मिलिसेकंद. एंटर मारायचं, तीन सेकंदांत निवांत गावाचं नाव टाइप करून यादी उघडायची आणि हात वर करून बसायचं. वेळ भरली की पान असेल तसं गोठतं. यादी उघडीच्या उघडी! आता घ्या हवी तेवढी मापं. वर पुन्हा म्हणाली, "सर, क्रोममध्ये याचीही गरज नाही." डेव्हटूल्समध्ये रेंडरिंग नावाचा टॅब आहे, त्यात 'इम्युलेट अ फोकस्ड पेज' अशी एक चौकट आहे. तिथे टिक केली की तुम्ही कुठेही क्लिक करा, पानाला वाटतं आपल्याकडेच लक्ष आहे.

दहा वर्षं रोज हाच ब्राउझर उघडतोय. तो टॅब आज पहिल्यांदा पाहिला.

तर तुमच्याकडचं असं काही असेल तर टाका. अट एकच, स्वतः वापरलेलं हवं. 'आयुष्य बदलणारी पन्नास टूल्स' छापाच्या याद्या फॉरवर्ड करू नका, त्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर येतात. आणि इथला एडिटर कोडमधले कंस गिळतो, म्हणून कोड असा देवनागरीत वाचून दाखवावा लागतोय. गोड मानून घ्या.

रातकिडा | सोमवार, रात्री ११:२५

झकास धागा. त्या मुलीला चहा पाजा.

माझ्याकडून गिट बायसेक्ट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची बिघाड शोधणारी कमांड. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, वापरत कोणी नाही. मीही नव्हतो वापरत.

एका साइटवर पावती छापली की शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जायची. तीन महिन्यांपूर्वी नीट छापत होती, एवढंच नक्की माहीत. मधे सहाशेच्या आसपास कमिट. मी आपला स्टाइलशीट वाचत बसलो होतो, संध्याकाळपर्यंत डोळे भरून आले. मग वैतागून बायसेक्ट लावलं. त्याला एक जुना चांगला कमिट सांगायचा आणि आजचा बिघडलेला सांगायचा. ते बरोबर मधला कमिट काढून देतं, आपण छापून बघायचं आणि 'गुड' किंवा 'बॅड' म्हणायचं. दर वेळी निम्मे कमिट बाद. सहाशेसाठी जास्तीत जास्त दहा वेळा विचारतं. वीस मिनिटांत गुन्हेगार हजर.

कमिटचा संदेश होता 'किरकोळ साफसफाई'. लेखक अस्मादिक.

तपासणी करणारी स्क्रिप्ट असेल तर 'बायसेक्ट रन' म्हणून ती जोडून द्यायची, मग तेवढंही हाताने करायला नको. स्क्रिप्टने शून्य परत केलं तर कमिट चांगला, एक दिला तर वाईट, आणि १२५ दिला तर 'हा तपासताच येत नाही, पुढे चला'. मधलाच एखादा कमिट बिल्ड होत नसेल तेव्हा हा १२५ फार कामाला येतो.

घाटावरची | मंगळवार, सकाळी ९:१०

वरच्या दोन्ही गोष्टी आवडल्या. मी जरा उलट बाजूचं लिहिते, टूल शोधण्यापेक्षा टूल टाळण्याबद्दल.

जेसन, म्हणजे सर्व्हर आणि पान एकमेकांना पाठवतात तो डेटाचा मजकूर, सुबक करून देणाऱ्या साइटी आपण सगळेच वापरतो. मागच्या वर्षी आमच्याकडे एका नव्या मुलाने लाइव्ह सर्व्हरचा अख्खा रिस्पॉन्स तिथे पेस्ट केला. त्यात ग्राहकांचे पत्ते, फोन, सगळं. त्या साइटवर 'सेव्ह करा' असं बटण होतं, ते याने दाबलं, कारण त्याला वाटलं आपल्याच मशीनवर सेव्ह होतंय. झाली होती सार्वजनिक लिंक. पुढचे दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. मुलाला मी फार बोलले नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्या टीममध्ये एक चाचणी आहे. कुठलंही ऑनलाइन टूल उघडा, डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये जाऊन 'ऑफलाइन' करा आणि मग खोटा डेटा टाकून बघा. तरीही काम झालं तर हिशोब तुमच्याच मशीनवर होतोय. अडकलं तर तुमचा मजकूर कुठेतरी जातो आहे. (चाचणी पास झाली म्हणजे नेट चालू केल्यावर मागून काही पाठवत नाही असं नव्हे. पुन्हा ऑनलाइन जाऊन रिक्वेस्टींची यादीही बघा.)

या चाचणीत टिकलेली दोन नावं: चित्रं लहान करायला स्क्वूश, आणि बाकी सगळ्या उलथापालथीला सायबरशेफ. बेस-सिक्स्टीफोर उलगडणं, हॅश काढणं, तारखा फिरवणं, सगळं एका पानात. पूर्ण टूल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवता येतं.

दीडशहाणा | मंगळवार, सकाळी १०:०२

ताई, सायबरशेफ ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरसंस्थेने काढलंय ना? गुपितं लपवायला हेरांच्याच घरी जायचं म्हणजे चोराच्या हातात किल्ल्या.

घाटावरची | मंगळवार, सकाळी १०:३०

हो, त्यांनीच २०१६ साली खुलं केलं. सोर्स उघडा आहे, ऑफलाइन चालतं, आणि रिक्वेस्टींची यादी तुमच्यासमोर असते. किल्ल्या त्यांनी बनवल्यात, कुलूप आपल्या घरी आहे. तरी शंका असेल तर जेसनपुरतं जेक्यू वापरा, कमांड लाइनवर. ते शिकायला मात्र एक रविवार द्यावा लागेल.

सातारी कंदी | मंगळवार, दुपारी २:१५

डेटाच्या उलथापालथीचा विषय निघालाच आहे तर माझी कथा.

एका क्लायंटला सभासदांची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, पाठवली. त्यांनी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि फोन केला, "साहेब, सगळी माणसं परदेशी झाली." खरंच, मराठी नावांच्या जागी भलताच चित्रविचित्र पसारा. मी आधी घाबरलो की डेटाबेसच गेला. नीट बघितलं तर पसाऱ्यात एक चाल होती. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं गोल चलनाचं चिन्ह, मग काहीतरी. पुन्हा तोच ए, मग जपानी येनचं चिन्ह, मग काहीतरी. पुन्हा ए...

मग पेटली ट्यूब. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या हल्लीच्या सांकेतिकीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिला बाइट कायम ई-शून्य, म्हणजे जुन्या विंडोज सांकेतिकीत तो तिरक्या रेघेचा ए. दुसरा ए-४ किंवा ए-५, म्हणजे चलनचिन्ह किंवा येन. तिसरा बदलत राहतो. 'म' लिहिला असेल तर तिसरा येतो गोलातला आर, रजिस्टर्ड ट्रेडमार्कवाला. म्हणजे डेटा जिवंत होता, एक्सेल फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचत होतं. हल्ली मला हा पसारा दिसला की मी आधी 'ए, येन, ए' शोधतो. सापडलं की घाम पुसतो.

उपाय म्हणाल तर फाइलच्या अगदी सुरुवातीला बॉम नावाचे तीन बाइट घालायचे, की एक्सेलला कळतं हे यूटीएफ-८ आहे. एका ओळीचं काम. ती ओळ सापडायला दीड दिवस.

माईंचा लेक | मंगळवार, दुपारी ३:४८

कंदीभाऊ, बाइटांचंच चाललंय तर हे घ्या.

जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाचा जो प्रकार आहे तो एका चिन्हाला तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात चपखल बसते, म्हणून मराठी साइटवाल्यांना वर्षानुवर्षं काही जाणवलं नाही. इमोजीला लागतात चार. आमच्या एका अभिप्रायांच्या पानावर लोक सांगायचे, लिहिलेलं जात नाही. तपासलं तर काही अभिप्राय नीट, काही मधेच तुटलेले, काही कोरे. दोन आठवडे कोणाला पत्ता नाही. शेवटी लक्षात आलं की जे शेवटी हात जोडतात त्यांचा मजकूर शाबूत, फक्त हात गायब. आणि जे आधी हात जोडून मग बोलतात त्यांचं सगळंच कोरं! इमोजी आला की तिथून पुढचं सगळं कापलं जात होतं, आणि सर्व्हरचा कडक मोड बंद असल्यामुळे एररही नाही.

खरा चार बाइटवाला प्रकार 'यूटीएफ८-एमबी४', तो २०१० सालीच ५.५.३ मध्ये आलेला. आवृत्ती ८ पासून तोच डीफॉल्ट आहे. पण जुना डेटाबेस नव्या सर्व्हरवर उचलून ठेवला की टेबलं जुनीच राहतात, हे विसरू नका.

पोफळी | मंगळवार, रात्री ८:२०

वाचनखूण साठवली.

थोडं अवांतर. डेव्हटूल्समध्ये नेट मंद करून बघायची सोय आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांनी जरूर वापरावी. आम्ही कोकणात असतो, आम्हाला ते बटण लागत नाही.

माझं खरं सांगायचं ते अक्षरांबद्दल. एका शाळेच्या साइटवर मुख्याध्यापिकांनी हरकत घेतली की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात, पाठ्यपुस्तकात असे नसतात. मी फॉन्ट बदलत बसले. चार फॉन्ट झाले, बाई काही खूश होईनात. मग कळलं की काही फॉन्टांत दोन्ही वळणं आधीच भरलेली असतात, आणि कुठलं दाखवायचं ते ब्राउझर पानाच्या भाषेवरून ठरवतो. माझ्या पानाच्या डोक्यावर, एचटीएमएल टॅगमध्ये, लँग म्हणून 'ई-एन', म्हणजे इंग्रजी, लिहिलेलं. टेम्प्लेटबरोबर आलेलं, कोणी हात लावलेला नव्हता. तिथे 'एम-आर' केलं आणि 'ल'ने आपला पाय बदलला. दोन अक्षरांचा बदल! फॉन्टमध्ये ती सोय नसेल तर अर्थात काही होत नाही. तेव्हा सरळ मराठीसाठीच काढलेला फॉन्ट घ्यावा, टिरो देवनागरी मराठी आहे तसा.

जाता जाता: शीर्षकाला 'लेटर-स्पेसिंग' देऊ नका हो. इंग्रजी शोभतं, आपली शिरोरेघ तुटते आणि अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात.

रातकिडा | मंगळवार, रात्री ९:०५

पोफळीताई, लँगचं माहीतच नव्हतं. आत्ता माझ्या तीन साइटी उघडून बघितल्या. तिन्हींवर 'ई-एन'. तोंड लपवतो.

अक्षरांवरून आठवलं. 'महाराष्ट्र' या शब्दाची जावास्क्रिप्टमध्ये लांबी विचारा, १० सांगेल. आपण वाचतो ती अक्षरं चार: म, हा, रा, ष्ट्र. ते काने, हलंत सगळे सुटे मोजतं. मॅक्स-लेंथ या फॉर्ममधल्या अक्षरमर्यादेचंही तेच, त्यामुळे 'नाव वीस अक्षरांत' अशी मर्यादा घातली की मराठी माणसाचं नाव मधेच तुटतं आणि शेवटी लोंबकळणारा हलंत उरतो. यावर मजकुराचे अक्षरांप्रमाणे तुकडे करणारी इंटल-सेगमेंटर नावाची गोष्ट ब्राउझरमध्येच आहे, वेगळी लायब्ररी नको. फायरफॉक्सने उशीर लावला, २०२४ मध्ये १२५ व्या आवृत्तीत आणलं. पण गंमत अशी की जुन्या ब्राउझरात तेही 'महाराष्ट्र'चे सहा तुकडे करतं, ष् आणि ट् वेगळे काढून. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या १५.१ आवृत्तीत, म्हणजे २०२३ ला आला. तेव्हा आकडा दाखवायला वापरा, त्यावर कोणाला अडवू नका.

माईंचा लेक | मंगळवार, रात्री ९:३२

+१. आणि आकडे मांडून देणाऱ्या इंटल-नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' द्या, १२,३४,५६७ असा लाख-हजाराचा स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही फुकट मिळतात. 'एचआय-आयएन', म्हणजे हिंदी, दिलं तर स्वल्पविराम तसेच, पण आकडे इंग्रजी.

फक्त तो आकडा परत वाचायला जाऊ नका. जावास्क्रिप्टला १२ देवनागरीत दिलं तर ते म्हणतं हा आकडाच नाही. पायथनला द्या, गुपचूप बारा समजतो. हे मला एका शुक्रवारी संध्याकाळी कळलं, फॉर्म जावास्क्रिप्टने नाकारला आणि मागचा सर्व्हर म्हणत होता माझं काही म्हणणं नाही.

अर्धविराम | बुधवार, दुपारी १२:१०

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आता माझाच प्रश्न.

एका पतसंस्थेची सभासद यादी आडनावाप्रमाणे लावायची आहे. साधं सॉर्ट केलं तर क्षीरसागर मंडळी कोल्हे आणि खरे यांच्या मधे येतात. संस्थेतल्या बाईंच्या हातच्या रजिस्टरमध्ये क्ष आणि ज्ञ शेवटी, ह-ळच्या नंतर. त्या म्हणतात, "शाळेत शिकलात ना?" जाणकारांनी प्रकाश टाकावा.

घाटावरची | बुधवार, दुपारी १२:४५

साधं सॉर्ट युनिकोडचे क्रमांक बघतं. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, मग हलंत, मग ष. हलंताचा क्रमांक सगळ्या काना-मात्रांच्या नंतरचा, म्हणून कोल्ह्यांच्या मागे आणि खऱ्यांच्या पुढे. भाषेप्रमाणे क्रम लावणारा इंटल-कोलेटर घ्या, त्याला 'एमआर' सांगा, आणि त्याचं कम्पेअर सॉर्टला द्या. मराठी वर्णक्रम त्यात भरलेला आहे.

सर्व्हरवर सॉर्ट करत असाल तर नोडची, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती आधी बघा. १३ च्या आधीच्या नोडमध्ये डीफॉल्टने फक्त इंग्रजीचा डेटा असायचा. 'एमआर' दिलं तरी तो तक्रार न करता आपल्या मनाने लावायचा. स्थानिक मशीनवर बरोबर, सर्व्हरवर चूक, असं दिसलं तर तेच.

सातारी कंदी | बुधवार, दुपारी १:३०

अर्धविरामराव, सॉर्ट झालं की शोधही तपासा. विशेषतः कऱ्हाडकर.

हा तोंडवळ्याने एकच दिसणारा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ टाकून हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारा जोडणारा, झेडडब्ल्यूजे. स्क्रीनवर डिट्टो. शोधायला गेलं की निम्मे कऱ्हाडकर सापडत नाहीत. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या नॉर्मलाइझ फंक्शनने हे सुटत नाही, मी करून बघितलंय. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे, दुसऱ्या तऱ्हेचं रूप बदलून पहिल्यासारखं करून घ्यायचं. तीच गत 'ॲ'ची, कोणी एकसंध टाइप करतं, कोणी अ वर चंद्र ठेवतं. तीही ओळ त्याच फंक्शनमध्ये घाला.

दीडशहाणा | बुधवार, दुपारी १:५०

म्हणजे आमच्या हाउसिंग सोसायटीच्या ॲपमध्ये मी सापडत नाही त्याचं कारण हे? मला वाटायचं मेंटेनन्स थकलाय म्हणून काढून टाकलं.

सातारी कंदी | बुधवार, दुपारी १:५५

दोन्ही कारणं असू शकतात.

अर्धविराम | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

रिपोर्ट देतो.

घाटावरची म्हणाल्या तसंच निघालं. माझ्या लॅपटॉपवर यादी पहिल्या फटक्यात बरोबर, सर्व्हरवर नोड १०. म्हटलं तर एका ओळीचा बदल, पण त्या ओळीसाठी आधी नोड चढवावा लागला आणि त्यात अख्खा बुधवार गेला. ऱ्ह आणि ॲ चं फंक्शनही घातलं. शोधात आधी सहा कऱ्हाडकर यायचे, आता अकरा.

संस्थेतल्या बाईंनी छापील यादी रजिस्टरशेजारी ठेवून बोटाने ओळ न् ओळ पडताळली. शेवटी "हां, आता झालं" म्हणाल्या आणि चहा मागवला.

तासाभराने मॅनेजरांचा फोन. संस्थेचे अध्यक्ष क्षीरसागर आहेत. इतकी वर्षं ते यादीत दुसऱ्या पानावर असायचे, आता शेवटच्या पानावर गेलेत. अध्यक्षांपुरता जुना क्रम ठेवता येईल का, असं विचारतायत.